हाताला वळण

मराठीत 'वळणे' हे क्रियापद मोठे कष्टाळू आहे. लाडू वळायचे, वाती वळायच्या, दोर वळायचा, गुरे वळायची. रस्त्याला वळण, नदीला वळण, अक्षराला वळण आणि घरातल्या पोरांनाही वळण! वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवीत असूनही या शब्दाकडे माझे कधी विशेष लक्ष गेले नव्हते. शब्द हा आमचा रोजचाच माल. हलवायाला पेढ्याचे कौतुक ते काय असणार? पण गेल्या वर्षी आमच्या धाकटीच्या निमित्ताने हा शब्द घरात शिरला आणि पाय पसरून वर्षभर मुक्काम ठोकून बसला.

झाले असे. धाकटी तेव्हा साडेचार वर्षांची. शहरातल्याच एका बालशाळेत ती नियमाने जाई, डबा खाई आणि परत येई. एके दिवशी तिच्या वहीत चिठ्ठी आली की, आपले पाल्य लेखनात मागे आहे, रोज घरी दोन पाने सराव घ्यावा. सराव सुरू झाला. पहिल्या ओळीत अक्षर, दुसऱ्या ओळीत अळी आणि तिसऱ्या ओळीवर आसवे, असा रोजचा क्रम. पंधरा दिवसांत घरातल्या पेन्सिली नाहीशा होऊ लागल्या. थोरला सहावीत; साहजिकच सगळा संशय त्याच्यावर. शेवटी गाद्या उन्हात घालायला काढल्या, तेव्हा धाकटीच्या गादीखालून एकदम अकरा पेन्सिली निघाल्या. साऱ्यांची टोके मोडलेली.

यांची नोकरी वाळूजच्या कारखान्यात, यंत्रांच्या संगतीत. त्या अकरा पेन्सिली हातात घेऊन हे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "नव्या यंत्रावर पहिल्या दिवसापासून पुरा भार कुणी घालतं का?" शेजारच्या डॉक्टरीणबाई मुलांच्या डॉक्टर आहेत. त्यांनी तर माझाच हात धरून मला धडा दिला. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी नुसती कूर्चा असते. मग वर्षावर्षाला एकेक हाड कडक होत जाते. सहा-सात वर्षांपर्यंत सात होतात, आठवे त्याच्याही मागाहून. "आणि हाडांचं एक वेळ सोडा," त्या म्हणाल्या, "पण बोटांची पकड आधी ओढून, मळून, चिमटीत धरून तयार होते. लिहिणं हे तिचं शेवटचं काम. तुम्ही घराचा कळस आधी चढवताय."

मग आम्ही ठरवले की, पहिलीत जाईपर्यंतचे एक वर्ष धाकटीला घरीच ठेवायचे. कायद्याच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते. 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. साडेचार वर्षांच्या माणसाला त्याने मोकळे सोडले आहे. नातेवाइकांचा कायदा मात्र याहून कडक. पुण्याच्या नणंदबाईंनी फोनवर विचारले, "2020 साली मुलं घरी बसली तेवढी पुरे नव्हती का?" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. त्या कोरोनाच्या दिवसांत थोरला मोबाइलच्या पडद्यासमोर दुसरी शिकला होता आणि घरातली शाळा म्हणजे काय, याची आम्हां सर्वांना चांगली धास्ती होती.

पहिला उपाय सुशिक्षित माणसे करतात तोच आम्ही केला. कॅनॉटमधल्या दुकानातून नऊशे रुपयांची एक पेटी आणली. आत रंगीत कागद, प्लास्टिकचे मणी, छिद्रे पाडलेला लाकडी ससा आणि त्यातून ओवायची नाडी. धाकटीने सशाकडे कृपादृष्टीने पाहिले, सगळा माल जमिनीवर ओतला आणि ती स्वतः पेटीत जाऊन बसली. चार दिवस ती पेटीतच राहत होती. तशा पेट्या वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. सरकारच्या शिक्षण-संशोधन परिषदेनेही 2023 साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या असे पुष्कळ आहे. पण आमच्या पेटीतली जादू दुकानातून घरी येईपर्यंत उडून गेली होती, एवढे खरे.

सासूबाई मूळच्या पैठणच्या. वय चौऱ्याहत्तर. त्या हा सगळा प्रकार मेथी निवडता निवडता पाहत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी मेथीची अर्धी जुडी पेटीत टाकली आणि म्हणाल्या, "आत बसलीच आहेस, तर एवढं कर." आमची शाळा खऱ्या अर्थाने त्या दिवशी भरली.

मेथीचे पान खुडायला अंगठा आणि तर्जनी लागते. भुईमुगाची शेंग फोडायला अंगठ्याचा नेट लागतो. रांगोळीची चिमूट सोडताना तर बोटे थेट पेन्सिल धरल्यासारखी येतात. फक्त हातात पेन्सिल नसल्यामुळे रडू येत नाही. हे सारे मला डॉक्टरीणबाईंच्या धड्यामुळे उमगत होते. सासूबाईंना ते कोणी सांगितले नव्हते आणि सांगितले असते तरी त्यांनी "बरं" एवढेच म्हटले असते. त्या परातीत चवळी, हरभरे आणि वाटाणे मुद्दाम एकत्र करीत, समोर तीन वाट्या ठेवीत आणि आपण डुलकी काढीत. तांब्यातले पाणी फुलपात्रांत ओतून मोजायचे काम तर रोजचे. "तांब्यात किती फुलपात्री?" असे विचारले की, धाकटी सांगे, "पाच आणि जराशी." ही 'जराशी' म्हणजे अपूर्णांक, हे थोरल्याला सहावीतही नीटसे पटले नव्हते. चिंचोके मोजताना दहा झाले की त्यांची ढिगोली करायची आणि एक चिंचोका मुठीत धरायचा. 'हातचा एक' असे आपण सर्वांनी म्हटलेले आहे. पण तो हातचा खरोखरच हातात असू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिले.

वाती वळणे हे मात्र अवघड निघाले. कापसातून सरकी काढायची, पेळू हलक्या हाताने लांबवायचा, बोटाला दुधाचा थेंब लावून पीळ द्यायचा. धाकटीच्या पहिल्या वाती वातीपेक्षा सुरवंटासारख्या दिसत. मला स्वतःला वात वळता येत नाही, हेही तेव्हाच घरात जाहीर झाले. सासूबाईंनी माझ्याकडे असे काही पाहिले की, माझी एम.ए.ची पदवी भिंतीवरून उतरून खाली येते की काय असे वाटले.

कणकेची अक्षरे ही माझी कल्पना. घरात मराठीची प्राध्यापिका असल्याचा काही तरी उपयोग व्हायला हवा ना! कणकेची लांब वळी करायची आणि ती वळवून 'अ' करायचा, 'ग' करायचा. 'ठ' सर्वांत सोपा, 'ळ' सर्वांत गमतीचा, 'क्ष'पाशी कणीक संपते. कागदावर जे अक्षर आठ दिवसांत येत नव्हते, ते परातीत एका दुपारी आले, कारण तिथे ते बोटांना सर्व बाजूंनी लागत होते. मग त्या अक्षरांचे करायचे काय? सासूबाईंनी ती तव्यावर टाकली. 'अक्षर' म्हणजे ज्याचा नाश होत नाही ते, असे मी वर्गात दरवर्षी सांगते. आमच्या घरी त्या दिवशी निम्मी वर्णमाला तूप-गुळाबरोबर नाश पावली.

मंडळी, याच सुमारास माझ्या कपाटातले अनुताई वाघांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन मी पुन्हा उघडले. लहान मुलांना वस्तू हाताळू देऊन शिकवण्याचे शास्त्र मादाम मॉन्टेसरींनी 1907 साली रोमच्या गरीब वस्तीत सुरू केले, हे पुष्कळांना ठाऊक असते. 1939 साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि युद्धामुळे इथे अडकल्या, हेही काहींना ठाऊक असते. पण त्यांची ती सुबक, महागडी साधने आपल्याकडच्या अंगणात उतरवण्याचे काम ज्यांनी केले, त्या ताराबाई मोडकांचे नाव आपल्या घरांतून आज क्वचितच निघते. 1892 साली मुंबईत जन्मलेल्या, त्या काळी बी.ए. झालेल्या या बाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या आणि बालशिक्षणाच्याच होऊन राहिल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे दादरला शिशुविहार उभे राहिले. तिथली मुले तुमच्या-आमच्यासारख्या घरांतली. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते.

पण 1945 साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आजच्या पालघरमधल्या) बोर्डी गावी गेल्या. बरोबर अनुताई वाघ. अनुताई बालविधवा, जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. बोर्डीत लाकडी ठोकळे आणि पितळी वजने कुठून येणार? तिथे शंख-शिंपले होते, बिया होत्या, पाने, पिसे, गोटे, बांबू होता. हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडी उचलून मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला आहे. 1975 साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तो देशभर गेला. आज कुठल्याही प्रांतातल्या खेड्यात हा मराठी शब्द सरकारी पाटीवर दिसतो, आणि माझ्यासारख्या भाषेच्या मास्तरणीला उगीचच मूठभर मांस चढते.

बोर्डीनंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. तिथली मुले सकाळीच गुरे वळायला निघून जात. मग शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. थोरल्या मुली येत नसत, कारण कडेवर धाकटे भावंड असे. मग शाळेलाच पाळणाघर जोडले. काम सोडून शाळेत या, असे त्यांनी मुलांना सांगितले नाही. काम जिथे चालले आहे तिथे शाळा नेली.

हे सगळे मी रात्री वाचत होते आणि दिवसा घरात वाटाणे सोलण्याचा वर्ग भरत होता. एका शनिवारी त्या वर्गावर तपासणी झाली.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंची मुलगी नऊ वर्षांची. महापालिकेच्या शाळेत चौथीत. शनिवारी दुपारी ती आईबरोबर येई. धाकटी तिला ताई म्हणे. त्या दिवशी धाकटी वाटाण्याच्या शेंगा सोलत होती आणि दर शेंगेगणिक मी दाणे मोजून "शाब्बास" म्हणत होते. ताई दारात उभी राहून बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारले, "बाई, ह्याला शाळा म्हणत्यात व्हय?"

मी म्हटले, "हो, आमची घरची शाळा."

"मग माझी रोजचीच हाय की," ती म्हणाली आणि खाली बसली. तिने शेंगांचा ढीग पुढे ओढला. धाकटीच्या दहा शेंगा होईपर्यंत तिने अर्धा किलो संपवला. शेवटी हात झटकून अगदी सहज म्हणाली, "हिला कंटाळा आला की ही उठती. मला उठता येत न्हाई."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हवा कशी आहे हे सांगावे तसे तिने सांगितले. मी मात्र दोन दिवस त्या वाक्याभोवती घिरट्या घालीत होते. एकच शेंग, एकच अंगठा. एका हातात ती शिक्षण होते आणि दुसऱ्या हातात काम. फरक शेंगेत नव्हता. धाकटीला कोणी घाई करीत नव्हते, तिचे दाणे मोजायला शेजारी माणूस बसले होते आणि तिला उठता येत होते. आपल्या मध्यमवर्गी घरांची गंमत अशी की, मुलाने सुरीला, पाण्याला, कणकेला हात लावला की आपण ओरडतो, त्याच कामाला दुसऱ्याचे मूल जुंपलेले असले तर ते आपल्याला दिसत नाही, आणि मग स्वतःच्या मुलाच्या बोटांना चाळा हवा म्हणून नऊशे रुपयांचा ससा आणतो. ताराबाई दादर सोडून बोर्डीला का गेल्या, हे मला पुस्तकापेक्षा त्या वाटाण्यांनी जास्त समजावले.

सासूबाईंनी यावर विचारबिचार केला नाही. त्यांनी पुढच्या शनिवारी ताईला सांगितले, "तू सोलायचं नाहीस. तू हिची मास्तरीण. बसून मोज." ताईने ते पद गंभीरपणे घेतले, माझ्यापेक्षा तिची शिस्त कडक निघाली. तिचा भागाकार कच्चा होता. चिंचोके वाट्यांत वाटायला बसलो तेव्हा सतरा चिंचोके पाच वाट्यांत टाकून दोन उरले, ते तिने हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहिले. "उरलेले टाकायचे न्हाईत व्हय? लिहायचे?" असे तिने विचारले. तीन वर्षे तिने बाकी लिहिली होती, पण पाहिली नव्हती. मात्र सगळेच शनिवार तिला मिळत नसत. कधी तिच्या आईला दुसऱ्या घरी जास्तीचे काम निघे आणि मग ताई तिकडे जाई. मास्तरीणबाई गैरहजर म्हणून धाकटी रुसून बसे.

पावसाळ्यात एकदा आम्ही पाणचक्कीला गेलो. लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी तिथे उंचावरून हौदात पडते. त्याच्या जोरावर जाते फिरवून शेजारच्या दर्ग्यातल्या लोकांसाठी पीठ दळण्याची ही जुनी योजना. सासूबाईंच्या पैठणच्या घरातले लहान जाते आमच्या गारखेड्याच्या घरी आलेले आहे आणि त्यावर धाकटीने हरभऱ्याची डाळ भरडलेली आहे. त्यामुळे तिने पाणचक्कीचा दगड लगेच ओळखला. पण ती त्याच्याभोवती सारखी मान वाकवून काही तरी शोधीत होती. शेवटी म्हणाली, "ह्याचा खुंटा कुठे आहे? हात कुठे लावायचा?" खुंटा नाही, हात लावायचा नाही, पाणी फिरवते, असे यांनी सांगितले. पाते, धार, उंची, सगळे यंत्रशास्त्र आठवडाभर मोरीत चालले. नारळाच्या झावळीच्या पात्यांचे चाक झाले, ते तांब्याच्या धारेखाली फिरले, पाण्याची टाकी दोनदा रिकामी झाली.

दिवाळीत किल्ल्याची पाळी आली. माझे माहेर साताऱ्याचे. तिकडे अंगणात किल्ला केल्याशिवाय मुलांची दिवाळी होत नाही. इकडे ही चाल मी माहेराहून आणली म्हणायची. साताऱ्याकडे सगळे रायगड-प्रतापगड करतात. आम्ही म्हटले, अर्ध्या तासावर यादवांचा देवगिरी उभा असताना उधारीचा गड कशाला? सुळक्यासारखा डोंगर, त्याच्या कडा तासून उभ्या केलेल्या, खाली खंदक. दगड-विटा रचल्या, त्यावर गोणपाट आणि वर काळ्या मातीचा लेप. दुसऱ्या दिवशी ऊन पडले आणि देवगिरीला बोटभर भेगा पडल्या. आमची ही काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तडकते. हे भूगोलाच्या पुस्तकात असते, थोरल्याने ते पाठही केले होते.

शनिवारी ताई आली. भेगांकडे पाहून तिने जीभ चावली. "काळीत भुसा न् शेण घालावं लागतं," ती म्हणाली. "आजीच्या गावाला भिंती तशाच लिंपत्यात." हे स्कूटर घेऊन बाहेर पडले आणि तासाभराने दोन्ही जिन्नस घेऊन परतले. अंगण उंबऱ्यापर्यंत बरबटले. ताई कोपरापर्यंत हात घालून गारा तुडवीत होती आणि हुकूम सोडीत होती. धाकटी, थोरला, हे आणि मी तिच्या हाताखाली. किल्ला पुन्हा लिंपला, तो वाळला आणि तडकला नाही. वर हळीव पेरला. चौथ्या दिवशी देवगिरीवर हिरवी लव आली.

यंदा जूनमध्ये धाकटी पहिलीत गेली. वर्गातली बाकीची मुले शंभरपर्यंत अंक झरझर लिहितात. हिचे चालते सावकाश. पहिल्या चाचणीवर 'बरी' असा शेरा आहे. पेन्सिली घरात जागच्या जागी आहेत. 'ळ' ती अजून कणकेसारखा दोन्हीकडून वळवून काढते आणि 'क्ष'पाशी थांबून पाने उलटते. हिच्याविषयी नणंदबाईंचे मत अजून राखून ठेवलेले आहे. माझेही जवळजवळ तसेच आहे. ताई पाचवीत गेली. तिच्या आईला आता सकाळच्या दोन घरांची जास्तीची कामे लागली आहेत, त्यामुळे शनिवारचे नक्की काही सांगता येत नाही.

या दिवाळीचा किल्लाही देवगिरीच करायचा ठरला आहे, पण त्यावरून आताच भांडण लागले आहे. गेल्या वर्षी किल्ल्यातली अंधारी करायची राहिली. शत्रूला चकवायची ती काळोखी वाट डोंगराच्या पोटातून वर कशी जाते, यावर धाकटीचे एक म्हणणे आणि ताईचे दुसरे. थोरला इतिहासाचे पुस्तक घेऊन दोघींच्या मध्ये. हे म्हणतात की, आतून पत्र्याचा नळ घालावा. सासूबाईंनी निकाल दिला आहे की, आधी जाऊन हात लावून पाहून या. तेव्हा येत्या रविवारी सकाळी दौलताबादला जायचे आहे. ताईच्या आईला मी कालच विचारून ठेवले. रविवारी तिला मोकळी सोडीन म्हणाल्या आहेत. विजेऱ्या दोन घ्यायच्या, की तीन, एवढेच काय ते ठरायचे राहिले आहे.